बियाण्यांची देवघेव : पाटणचेरू आणि कोरडवाहू पिकांचे विज्ञान

हैदराबादच्या मराठी कुटुंबांची सोलापूर-पुण्याकडची ये-जा मुंबईच्या रस्त्याने चालते. शहर मागे पडले की पाटणचेरू लागते आणि त्याला लागूनच रस्त्याच्या कडेने दूरवर गेलेले एक कुंपण दिसते. त्या कुंपणाआड काय चालते ह्याविषयी आपल्यापैकी पुष्कळांची माहिती 'इक्रिसॅट' ह्या नावापाशीच थांबते. अर्धशुष्क उष्णकटिबंधातील पिकांवर संशोधन करणाऱ्या ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेला २०२२ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. तिचा समग्र इतिहास सांगण्याचा येथे हेतू नाही. ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात तिचे स्मरण करण्याचे कारण इतकेच की, जमविणे, जपणे आणि मागणाऱ्याच्या हाती देणे हे जे ग्रंथालयाचे काम, तेच तेथे पुस्तकांऐवजी बियाण्यांच्या बाबतीत चालते. शिवाय ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही आपल्या ताटातली पिके आज ज्या रूपात शेतात उभी आहेत, ते रूप कोणा एका देशाने घडविलेले नाही. ही हकीकत मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही.

तसे पाहिले तर ही देवघेव फार जुनी आहे. ज्वारी आणि बाजरी ही आपण अस्सल दख्खनी धान्ये समजतो. पण दोहोंचे मूळ आफ्रिकेतले असून ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात आली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. उलट तूर भारतातून आफ्रिकेत आणि पुढे वेस्ट इंडीजपर्यंत गेली. तुरीचे मूळ आफ्रिकेत की भारतात, हा वाद पुष्कळ दिवस चालला होता. पाटणचेरूलाच काम केलेल्या व्हान डर मासेन ह्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्या रानटी नातलगांचा अभ्यास करून भारताच्या बाजूने कौल दिला, आणि तो आता सर्वमान्य झाला आहे. मात्र ह्या जुन्या देवघेवीची कोठेही नोंद नव्हती. खलाशी, व्यापारी, मजूर ह्यांच्या गाठोड्यांतून बी गेले आणि आले. विसाव्या शतकात फरक पडला तो एवढाच की, ह्या व्यवहाराला नोंदवही आली.

२८ मार्च १९७२ रोजी ह्या संस्थेच्या स्थापनेचा करार झाला. महाराष्ट्राच्या स्मरणात १९७२ हे साल निराळ्याच कारणासाठी कोरलेले आहे. त्या दुष्काळाची आठवण निघाली की रोजगार हमीची खडी, सुकडी आणि रेशनच्या दुकानातली 'मिलो' ह्यांचा उल्लेख हटकून होतो. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबूस ज्वारी. तिची भाकरी कोणाला आवडली नाही. हे जनावरांचे खाणे आपल्याला दिले, अशी बोच लोकांच्या मनात राहिली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेत ती ज्वारी मुख्यतः जनावरांनाच घालत. परंतु ह्याच मिलोचा आपल्या शेतीशी एक नात्याचा धागा आहे, आणि तो त्या दुष्काळाच्याही आधीचा आहे.

ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अंगे असतात. त्यामुळे दोन वाणांचा संकर करावयाचा तर चिमट्याने एकेका फुलातील पुंकेसर काढावे लागतात. प्रयोगशाळेत हे जमते. लाखो एकरांसाठी बियाणे करावयाचे तर जमत नाही. १९५४ मध्ये टेक्सासमधील स्टीफन्स आणि हॉलंड ह्या दोघा संशोधकांना असे आढळले की, मिलो ही आई घेऊन तिच्यात काफिर जातीच्या ज्वारीचे गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरविले, तर निघणाऱ्या झाडांत परागच तयार होत नाहीत. नरवंध्य झाड मिळाले, म्हणजे संकरित बियाण्याची गुरुकिल्लीच हाती आली. मिलो आणि काफिर दोन्ही जाती एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या. ह्या पद्धतीने तयार झालेली 'कम्बाइन काफिर ६०' ही नरवंध्य मादी भारतात आली आणि तिच्यापासून १९६४ मध्ये सीएसएच-१ हा आपल्याकडचा पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. मराठवाड्यात आणि खानदेशात ज्याला नुसते 'हायब्रीड' म्हणू लागले, ते हेच घराणे. म्हणजे रेशनवरची जी मिलो लोकांनी नाके मुरडून खाल्ली, तिचे आणि शेतातल्या हायब्रीडचे मातृकुळ एकच होते.

बाजरीची कथा अशीच सुरू झाली. तिने धडा मात्र कडू दिला. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन ह्यांनी चाऱ्यासाठी बाजरीवर काम करताना टिफ्ट २३-ए ही नरवंध्य मादी तयार केली. लुधियानाच्या दिलबागसिंग अठवाल ह्यांनी तिच्यापासून १९६५ मध्ये एचबी-१ हा संकरित वाण काढला. उत्पन्न पाहून शेतकरी हरखले. त्यामागोमाग आलेले संकरित वाणही ह्याच एका मादीचे. अमेरिकेत बाजरीवर गोसावी रोग नव्हताच, त्यामुळे तेथे ह्या मादीची त्या अंगाने परीक्षा होण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे तो पूर्वापार होता. १९७१ मध्ये तो असा पसरला की कणसांच्या जागी नुसत्या पानांचे झुबके दिसू लागले. 'गोसावी' हे नाव त्या जटांवरूनच पडले असावे. देवघेवीत एकच पुस्तक सर्वांनी नेले आणि त्यातली छपाईची चूक सर्वांच्या वहीत उतरली, तसा हा प्रकार झाला. बाहेरून बी आणणे हा त्यातला दोष नव्हता. दोष होता तो एकच बी आणून त्यावर सगळा भार टाकण्याचा.

हैदराबादची जागा निवडण्यामागे एक साधे भौगोलिक कारण होते. दख्खनची तांबडी आणि काळी, दोन्ही जमिनी येथे एकाच आवारात मिळतात. सुमारे १,४०० हेक्टर जमीन संस्थेला देण्यात आली. त्यासाठी दोन गावे उठवावी लागली, हेही नोंदले पाहिजे. भारतातील कृषिशिक्षणाच्या उभारणीत आधी भाग घेतलेले राल्फ कमिंग्ज हे पहिले महासंचालक झाले. पण येथील कामाचा पाया संस्थेच्या आधीच, शहराच्या दुसऱ्या टोकाला राजेंद्रनगर येथे घातला गेला होता. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

१९६० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाने भारतीय शास्त्रज्ञांच्या मदतीने जगभरच्या ज्वारीचे वाण एकत्र करण्याचे काम हाती घेतले. सुदान, इथिओपिया, नायजेरिया, अमेरिका आणि आपल्याकडची गावोगावची ज्वारी, अशा प्रत्येक नमुन्याला 'आयएस' ही अक्षरे लावून क्रमांक दिला जाई. ग्रंथपाल ज्याला दाखल क्रमांक म्हणतो, तेच हे. असे १६,१३८ क्रमांक पडले. पुढे हा संग्रह पाटणचेरूकडे सोपवावयाची वेळ १९७४ मध्ये आली, तेव्हा प्रत्यक्षात हाती आले ते ८,९६१ नमुने. उरलेल्या ७,१७७ क्रमांकांपुढे द्यावयाला जिवंत बी उरले नव्हते. चोरी झाली नव्हती, आग लागली नव्हती. थंड कोठारांची सोय नव्हती, एवढेच. बियाणे हे जिवंत असते. हैदराबादच्या उन्हाळ्यात पाकिटात पडून राहिले की त्याची उगवणशक्ती वर्षावर्षाने उतरत जाते, आणि पाकीट बाहेरून जसेच्या तसे दिसते. वाळवी लागलेल्या पुस्तकाचे निदान पीठ तरी खाली पडते.

ह्या हानीची थोडीफार भरपाई झाली ती एकाच कारणाने. राजेंद्रनगरने जमविताना वाटलेही होते. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठ, कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सचे बीजकोठार आणि पोर्तो रिकोतील मायाग्वेस ह्या ठिकाणी ह्याच क्रमांकांच्या प्रती गेलेल्या होत्या. तेथे शोध घेता हरवलेल्यांपैकी ३,१५८ नमुने परत मिळाले. चार हजारांवर क्रमांक मात्र रिकामेच राहिले. त्यांत काय होते, कोणत्या दुष्काळात तग धरणारी, कोणत्या किडीला दाद न देणारी ज्वारी होती, हे सांगावयास आता कोणी नाही. ज्या शेतांतून ती घेतली गेली त्यांपैकी अनेक शेतांत तोवर संकरित वाण उभे राहिले होते.

हा अनुभव जमेस धरून पाटणचेरूची जनुकपेढी उभी राहिली. तिच्या उभारणीत मेलाक मेंगेशा ह्या इथिओपियन शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. आज तेथे १४४ देशांतून आलेले सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत. रोजच्या देवघेवीसाठीचे बी चार अंश तापमानाच्या खोल्यांत ॲल्युमिनियमच्या डब्यांत राहते; दीर्घकाळ जपावयाचे बी वाळवून, हवाबंद पाकिटांत, शून्याखाली वीस अंशांवर ठेवतात. तरीही ठराविक काळाने उगवण तपासून ते पुन्हा पेरावे लागते, आणि पेरताना त्याची जात बाटू द्यावयाची नाही ही खरी कसोटी. ज्वारीच्या कणसावर कागदी पिशवी चढविली की भागते. बाजरीत परपरागण चालते, म्हणून एकाच वाणाची अनेक कणसे एकत्र बांधून पिशवीत घालतात. तुरीला मधमाश्या येतात. तिला जाळीच्या पिंजऱ्यात वाढवावे लागते. बाहेरून आलेले बी रोगराई तपासल्याशिवाय आवारात येऊ देत नाहीत. हे तपासणीचे काम भारत सरकारची यंत्रणा करते. ह्या कंटाळवाण्या, बिननावाच्या कामावर पुढचे सर्व शोध उभे आहेत. शोध लावणाऱ्याचे नाव होते. पिशव्या बांधणाऱ्याचे होत नाही.

ह्या पेढीतून बी परतही गेले आहे. बोत्स्वाना, कॅमेरून, इथिओपिया, केनिया, नायजेरिया, सोमालिया, श्रीलंका ह्या देशांना त्यांच्याच भूमीतील वाणांच्या प्रती पाटणचेरूहून देण्यात आल्या.

आता बाजरीकडे परत येऊ. १९७१ चा धडा घेऊन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका मादीवर विसंबण्याऐवजी नायजेरियात निरनिराळ्या मुलखांच्या बाजऱ्या मिसळून केलेल्या 'वर्ल्ड कंपोझिट' ह्या समूहातून निवड केली. त्यातून निघालेला डब्ल्यूसी-सी७५ हा वाण १९८२ मध्ये भारतात प्रसारित झाला. तो संकरित नव्हता, त्यामुळे शेतकऱ्याला घरचेच बी पुढच्या वर्षी पेरता येई, आणि गोसावीपुढे तो टिकला. त्याहून महाराष्ट्राच्या जवळची गोष्ट आयसीटीपी ८२०३ ह्या वाणाची. पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा एक चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तर भागात 'इनियाडी' ही लवकर येणारी, टपोऱ्या राखाडी दाण्याची गावरान बाजरी होते. तिच्यातूनच निवडलेला हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. पाऊस लवकर ओढ घेतो त्या भागात लवकर येणारे पीक म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखेच. पुढे असे लक्षात आले की, ह्या टोगोच्या बाजरीत लोहाचे प्रमाणही चांगले आहे. त्यातून पुन्हा निवड करून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने 'धनशक्ती' हा वाण तयार झाला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला आणि २०१४ मध्ये देशभरासाठी मान्य झाला. ह्याच इनियाडीचे रक्त असलेला आणखी एक वाण पाटणचेरूहून नामिबियात गेला. तो देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला, त्याच सुमारास 'ओकाशाना-१' ह्या नावाने तो तेथे रुजला. टोगो आणि नामिबिया एकाच खंडातले. पण त्यांच्यातली ही वाट मेदक जिल्ह्यावरून गेली.

तुरीच्या संदर्भात एका मराठी नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे मूळ ग्वाल्हेरचे. पंतनगरला असताना भाताचा 'खैरा' रोग जंतूंमुळे होत नसून जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. १९७४ मध्ये ते पाटणचेरूला आले आणि पुढे उपमहासंचालक झाले. तुरीचा मर रोग हा त्यांच्या विभागाच्या कामाचा एक मुख्य विषय. ह्या कामाची पद्धत मोठी विलक्षण आहे. रोग टाळण्याऐवजी मुद्दाम वाढविलेला असा रोगट वाफा तयार करतात आणि त्यात हजारो वाण पेरतात; जे मरत नाही ते ठेवावयाचे. महाराष्ट्रातील एका गावरान तुरीतून निवडलेला आयसीपी ८८६३ हा वाण अशा परीक्षेतून पार पडला आणि १९८६ मध्ये कर्नाटकात 'मारुती' ह्या नावाने प्रसारित झाला. गुलबर्गा-बिदरकडे, म्हणजे जुन्या निजामी राज्याच्या मराठी-कानडी सीमेवर, तो थोड्याच वर्षांत घरोघरी पोहोचला. तुरीची दुसरी शाखा नैरोबीच्या केंद्रातून टांझानिया, मलावी आणि मोझांबिकमध्ये वाढली. तेथील तूर आज आपल्या बाजारात येते आणि डाळीच्या भावाला आवर घालावयास मदत करते.

नेने ह्यांनी १९९४ मध्ये सिकंदराबादेत कृषि-इतिहासासाठी एक प्रतिष्ठान काढले. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' ह्या संस्कृत ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. त्याची प्रत त्यांनी मिळविली आणि उस्मानिया विद्यापीठातील संस्कृतच्या प्राध्यापिका नलिनी साधले ह्यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. बियाण्यांच्या देवघेवीत रमलेल्या माणसाने पुस्तकाचीही देवघेव केली, हे ग्रंथालयाच्या वाचकांना विशेष वाटेल.

पाटणचेरूच्या आवाराबाहेरही एक देवघेव चालली होती, आणि माझ्या मते तिचे महत्त्व बियाण्यांहून कमी नाही. १९७५ मध्ये संस्थेच्या अर्थशास्त्रज्ञांनी सहा गावे निवडली : तत्कालीन महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ले व दोकूर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यातील कांझरा व किनखेड. सहापैकी चार गावे मराठी. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली, तीस शेतकऱ्यांची आणि दहा मजुरांची. एक अन्वेषक गावातच राहावयाचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन पेरणी, मजुरी, उसनवारी, आहार, जनावरे, सगळे काही टिपून घ्यावयाचा. हे दहा वर्षे अखंड चालले. ना. स. जोधा, जेम्स रायन, टॉम वॉकर, हान्स बिन्सवांगर ही ह्या कामातील ठळक नावे. बिन्सवांगर ह्यांनी तर गावकऱ्यांना नाणेफेकीचा खेळ खेळावयास दिला, आणि तोही खऱ्या पैशांनी. थोडा पण खात्रीचा लाभ घ्यावयाचा की मोठ्या लाभासाठी धोका पत्करावयाचा? रक्कम वाढत गेली तसे जवळजवळ सगळेच बेताने खेळू लागले. श्रीमंत शेतकरी आणि गरीब मजूर ह्यांच्या वृत्तीत फारसा फरक दिसला नाही. गरीब शेतकरी मुळातच भित्रा म्हणून नवे बी घेत नाही, ह्या समजुतीला त्यामुळे तडा गेला. त्याची अडचण स्वभावाची नसून पत आणि पैसा ह्यांची होती. पुढे अमेरिकेत रॉबर्ट टाउनसेंड ह्यांनी १९९४ मध्ये ह्याच नोंदी वापरून, गावातली माणसे परस्परांचे नुकसान कितपत वाटून घेतात ह्यावर निबंध लिहिला, आणि शिरापूर व कांझरा ही नावे जगभरच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत पोहोचली.

ह्याच गावांनी पैदासकारांनाही एक गोष्ट शिकविली. रब्बीत सोलापूरकडचा शेतकरी मालदांडी सोडावयास तयार नव्हता. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली ही ज्वारी नव्या वाणांपुढे उत्पन्नात कमी भरे, मग तिचा एवढा हट्ट का? उत्तर कडब्यात होते. केवळ दाणा मोजणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हिशेबात पेंढी धरलेलीच नव्हती. आणि कोरड्या वर्षी कडबा हेच शेतकऱ्याचे नगद पीक. १९९० च्या दशकाच्या आरंभी अर्थशास्त्रज्ञांनी दाण्याच्या तुलनेत कडब्याचा भाव चढत चालल्याचे दाखवून दिल्यावर पैदाशीची उद्दिष्टे बदलली. इथिओपियातील एका ज्वारीत पाण्याचा ताण असतानाही पाने हिरवी ठेवण्याचा गुण आहे. तो टेक्सासमध्ये ओळखला गेला, तेथून पाटणचेरूला आला आणि मालदांडीसारख्या वाणांत उतरविण्याचे काम सुरू झाले. मालदांडी टाकून देण्याऐवजी तिलाच बळ देण्याचा हा विचार सोलापूरच्या शेतकऱ्याच्या हट्टातून आला, असे म्हणावयास हरकत नाही.

सगळेच प्रयत्न फळले नाहीत. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून रुंद वरंबे आणि सऱ्या पाडण्याची पद्धत संस्थेने बसविली, आणि त्यासाठी फ्रेंच अभियंता झां नोल ह्यांच्या कल्पनेवरचे 'ट्रॉपिकल्टर' हे बैलांनी ओढावयाचे चाकांचे औजार पुढे केले. प्रात्यक्षिकात ते नामी चाले. सामान्य शेतकऱ्याला ते परवडले नाही आणि पेललेही नाही. अशा औजारांच्या जगभरच्या इतिहासावर पॉल स्टार्की ह्यांनी १९८८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच 'परफेक्टेड येट रिजेक्टेड' असे शब्द आहेत. औजार गेले, पद्धत राहिली. महाराष्ट्रात सोयाबीन पेरणारे शेतकरी आज ट्रॅक्टरने 'बीबीएफ' पेरणी करतात, ती हीच.

१९९० च्या दशकात ह्या साऱ्या व्यवहाराच्या मुळालाच धक्का बसला. तोवर बियाणे हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला जाई. १९९२ च्या रिओ येथील जैवविविधता कराराने तो ज्या त्या देशाच्या सार्वभौम हक्कातला ठरविला. त्यामागची तक्रार खरी होती. गरीब देशांच्या शेतांतून फुकट नेलेले वाण श्रीमंत देशांच्या कंपन्यांकडून किंमत आणि मालकी हक्क लावून परत येत होते. हा अन्याय नव्हता असे कोण म्हणेल? पण दार लावून घेण्याच्या उपायाचा भारही गरीब देशांवरच पडला. परदेशातील संकलनमोहिमा रोडावल्या. टोगोने आणि इथिओपियाने ते दार वीस वर्षे आधी लावले असते तर आपल्या बाजरीचे आणि ज्वारीचे काय झाले असते, ह्याचा विचार करावा. १९९४ मध्ये पाटणचेरूसह अशा सर्व संस्थांनी आपले संग्रह अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली विश्वस्त म्हणून ठेवले. म्हणजे संस्था त्यांची मालक नव्हे आणि घेणाऱ्यालाही त्या बियाण्यावर मालकी सांगता येणार नाही. पुढे २००१ मध्ये संमत होऊन २००४ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय तहाने ठराविक पिकांची यादी केली आणि देवघेवीचा एक प्रमाण करारनामा ठरविला. यादीत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आले. भुईमूग मात्र वगळला गेला. पाटणचेरूचा भुईमूग विश्वस्त संग्रहात असल्यामुळे त्याच प्रमाण अटींवर मिळत राहिला. पण इतर देशांच्या पेढ्यांतील भुईमुगासाठी ज्याने त्याने वेगळी बोलणी करावयाची.

प्रती अनेक ठिकाणी असाव्यात हा राजेंद्रनगरचा धडा दरम्यान आणखी एकदा पडताळून पाहावा लागला. कोरड्या प्रदेशांसाठी १९७७ मध्ये स्थापन झालेली इकार्डा ही भगिनीसंस्था सीरियात अलेप्पोजवळ होती. गहू, जव, मसूर ह्यांच्याबरोबर हरभऱ्याचाही मोठा संग्रह तिच्याकडे होता. यादवी युद्धात तो हातचा गेला. पण त्याच्या प्रती नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड बेटावर, २००८ मध्ये बर्फात उघडलेल्या जागतिक बीजकोठारात गेलेल्या होत्या. २०१५ मध्ये त्या कोठारातून पहिल्यांदाच बी बाहेर काढले गेले, लेबनॉन आणि मोरोक्कोत ते वाढविले, आणि २०१७ मध्ये नव्या प्रती पुन्हा तेथे जमा झाल्या. पाटणचेरूच्या संग्रहाचाही मोठा भाग त्याच कोठारात ठेवलेला आहे.

इथिओपियाने आपल्या ज्वारीला किती दिले ते वर आलेच आहे. हरभऱ्यात देवघेव उलट दिशेने झाली. आयसीसी ४९५८ हा एक भारतीय हरभरा खोल आणि दाट मुळांसाठी पाटणचेरूच्या नोंदींत प्रसिद्ध होता. त्या मुळांचा गुण जनुकांवरील खुणा पाहून जेजी-११ ह्या वाणात उतरविण्यात आला. आणि हा जेजी-११ म्हणजे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला, आंध्रच्या काळ्या रानात हरभरा रुजविणारा वाण. त्या संकरातून निवडलेला हरभरा इथिओपियाने २०१९ मध्ये आपल्या शेतकऱ्यांसाठी प्रसारित केला. त्याचे नाव त्यांनी 'गेलेतू' ठेवले, गेलेतू बेजिगा ह्या त्यांच्याच एका हरभरा-संशोधकावरून.